केशकालचा घाट, दुसऱ्या गिअरात

जगदलपूरहून परतताना केशकालचा घाट उतरायला लागलो तेव्हा मी मागच्या सीटवर बसून संत्रं सोलत होते. गाडी आमचीच होती, ड्रायव्हर तेवढा रोजीने बोलावलेला. माझे यजमान पुढे, त्याच्या शेजारी. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि ह्यांनी एकदम मान वर केली.

"इंजिन का आवाज कहाँ गया?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"ढलान है अंकल. न्यूट्रल कर दिया. तेल बचेगा."

"गिअर में डालो."

"रोज का रास्ता है अंकल, टेन्शन मत लो."

मला तेव्हा गाडीतलं काहीच कळत नव्हतं. न्यूट्रल केलं की इंजिनाचा चाकांशी संबंध सुटतो, गाडी आपल्याच वजनाने खाली धावू लागते आणि तिला धरायला एकटा ब्रेक उरतो, हे मी नंतर शिकले. त्या वेळी एवढंच जाणवलं की गाडी हलकी झाली आहे, आणि झाडं फार भराभर मागे पडताहेत. मग वास आला. इस्त्रीखाली कापड जळावं तसा. पुढच्या वळणावर खालून एक भरलेला ट्रक वर येत होता. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय दाबला, पुन्हा दाबला, पण गाडी त्याला हवी तेवढी हळू होईना. त्याने ती डोंगराच्या बाजूच्या नालीत घातली. खालून दगड घासल्याचा आवाज आला आणि आम्ही थांबलो. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. ट्रक शांतपणे शेजारून वर निघून गेला.

हे दार चाचपून खाली उतरले. ह्यांना काचबिंदू आहे. समोरचं थोडं दिसतं, पण पाइपातून पाहावं तसं. आजूबाजूचं सगळं गेलेलं. डॉक्टरांनी सांगितलं त्याच संध्याकाळी ह्यांनी गाडीची चावी आणून माझ्या हातात ठेवली होती आणि त्यावर कधी एक शब्द बोलले नव्हते. रायपूरजवळच्या उरल्याला, कारखान्यांच्या वस्तीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ह्यांची सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली. मशीन बंद पडण्याआधी तिच्या आवाजावरून ओळखणारा माणूस. तो त्या दिवशी घाटात चाकाजवळ हात नेऊन उष्णता बघत उभा होता आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

ब्रेक गार होईपर्यंत ह्यांनी गाडी हलू दिली नाही. मग उरलेला सगळा घाट ड्रायव्हरकडून दुसऱ्या गिअरात उतरवून घेतला. ड्रायव्हर गाल फुगवून बसला होता, पण त्याने ऐकलं.

कांकेरला चहा प्यायला उतरलो. चहा अर्धा झाल्यावर हे म्हणाले, "आता ताईकडे जाणं बंद."

ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. जगदलपूरला असते. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच ह्यांना वाढवलं, आपल्या लग्नानंतरही काही वर्षं सोबत ठेवून शिकवलं. दिवाळीनंतर तिच्याकडे जाऊन यायचं हा आमच्या घरातला न चुकणारा नेम होता.

"बस आहे की," मी म्हटलं.

"बसवाला कोणत्या गिअरात उतरून राहिला, ते मी त्याले कसं विचारू?"

समोर आमची गाडी उभी होती, नालीतला चिखल लागलेली. मी नुकतीच पोस्टातून रिटायर झाले होते. आयुष्यभर काउंटरच्या मागे बसलेली बाई. रायपुरातल्या आमच्या बूढ़ापाऱ्याच्या गल्ल्यांतून स्कूटर मात्र अशी काढायची की भाजीवाल्यांनी हातगाड्या मागे घ्याव्यात.

"मी शिकते," मी म्हटलं.

मला वाटलं, हे हसतील. हसले नाहीत. ग्लास ठेवून म्हणाले, "शीक. पण घाटासाठी शिकायचं असंन तर शीक. रायपूरसाठी शिकून काही उपयोग नाई, इथं तर कोणीबी चालवते."

पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं. त्याला मराठी सगळं समजतं, पण बोलतो हिंदीतच. पुण्यात राहूनही ती सवय सुटली नाही. "मम्मी, ऑटोमॅटिक ले लो ना. गिअर का झंझट ही खतम."

"अरे, घाटात तिलेबी सांगावंच लागते, खालच्या गिअरात राहा म्हणून," ह्यांनी फोनकडे तोंड करून सांगितलं. "जी हाय तीच शिकू दे तिले."

आणि मला हवी होतीच तीच गाडी. ज्या गाडीत बसून मी घाबरले होते, तीच.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथला शिकवणारा भला माणूस होता, मला दीदी म्हणायचा. त्याच्या पायाशी त्याचा वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक. "दीदी, आप बस स्टेरिंग देखिए," म्हणायचा आणि माझा हात गिअरपर्यंत पोचायच्या आत स्वतःच गिअर बदलून मोकळा व्हायचा. महिन्याभरात मी चौकातून सुरेख वळू लागले, रिव्हर्स घेऊ लागले, लायसन्सची परीक्षासुद्धा पास झाले. मला वाटलं, झालं.

पहिल्यांदा ह्यांना शेजारी बसवून गाडी तलावाच्या रस्त्याला काढली. थोडं पुढे गेल्यावर ह्यांनी विचारलं, "आता कोणता गिअर हाय?"

मी खाली दांड्याकडे बघितलं.

"खाली पाहू नको."

"तुम्हाला कसं कळलं मी खाली पाहिलं?"

"गाडी डावीकडे गेली," हे म्हणाले. "ऐक. गाडी सांगते कोणता गिअर हाय ते. आत्ता काय करून राहिली ती?"

मी कान दिला. खालून धपधप, घरघर, जड आवाज येत होता आणि पायाखाली हलकी थरथर होती.

"रडून राहिली," मीच म्हटलं.

"हव. जास्त वरच्या गिअरात आहेस तू. ताकद कमी पडून राहिली तिले. खाली घे."

मी चौथ्यावरून तिसऱ्यावर आले. थरथर गेली. पुढे रस्ता मोकळा होता तरी मी तिसऱ्यातच राहिले, तेव्हा आवाज चढत चढत बारीक झाला.

"आता?"

"आता ओरडते."

"मग वर घे. रडली की खाली, ओरडली की वर. इतकंच हाय. बाकी सगळं सरावानं येते."

इतकंच नव्हतं, ते मला नंतर कळलं. पण सुरुवात तिथून झाली. रोज सकाळी आम्ही निघायचो. हे डोळे मिटून बसायचे, मी चालवायची. पाहणाऱ्याला वाटलं असतं, नवरा झोपलाय आणि बायको त्याला हवा खायला नेतेय. "रडून राहिली," "ओरडून राहिली," एवढेच दोन शब्द गाडीत ऐकू यायचे. काही दिवसांनी ह्यांच्या आधी माझा हात दांड्याकडे जायला लागला, तेव्हा तेही बंद झाले.

अडचण अशी की रायपूर सपाट आहे, परातीसारखं. शहरभर फिरूनही चढ म्हणावा असा चढ सापडत नाही. तेव्हा हे म्हणाले, ओव्हरब्रिजवर चल. भनपुरीच्या बाजूचा पूल आम्ही निवडला, कारण तिथे ट्रक असतात आणि घाटातही ट्रकच असतात. ट्रान्सपोर्टवाल्यांची वस्ती, धूळ, लोखंडाच्या सळ्या भरलेल्या ट्रेलरांच्या रांगा. रविवारी सकाळी जरा उसंत असते.

पहिल्या रविवारी माझी फजिती झाली. पुलाच्या मध्यावर पुढचा टेम्पो थांबला, म्हणून मी थांबले. तो निघाला, म्हणून मी क्लच सोडला. गाडी गचका देऊन बंद पडली आणि मागे घसरायला लागली. मागे ट्रक. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, मग मला एवढी गोंधळलेली पाहून त्याने खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला, "आराम से अम्मा, मैं खड़ा हूँ." त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले.

हे शेजारी शांत बसून होते. "हँडब्रेक ओढ," ते म्हणाले. "आता ब्रेकवरून पाय काढ. काढ, काही होत नाई. गाडी कुठं गेली?"

"कुठंच नाही."

"मग घाई कोणाले हाय? पहिला घाल. थोडी रेस दे. आता क्लच हळू सोड, अजून हळू. गाडीचं नाक वर उचललं की थांब."

मला ते नाक उचलणं जाणवलं. बैल जू मानेवर घेताना जसा एकदा अंग आवळतो, तशी गाडी आवळली.

"आता हँडब्रेक सोड."

गाडी एक बोटही मागे न जाता पुढे निघाली. पूल ओलांडून पलीकडे गेल्यावर मी ती बाजूला घेतली आणि पुन्हा तोच पूल चढायला परत फिरले. त्या दिवशी आम्ही तो पूल इतक्यांदा चढलो की पुलाखालचा पंक्चरवाला हात दाखवायला लागला. पुढे चढावर मुद्दाम थांबायची मला हौस वाटू लागली.

मोकळ्या चढावरही शिकण्यासारखं होतंच. मी पुलावर तिसऱ्यात चढायला लागायची, अर्ध्यावर गाडी रडायला लागली की दुसरा घालायची, आणि तोवर वेग मरून गेलेला असायचा. हे म्हणाले, "चढ लागल्यावर गिअर काहून शोधतेस? चढ तुले दुरून दिसते नं? मले दिसत नाई, तुले दिसते. मग खालीच ठरव, कोणत्या गिअरात जायचं ते. चढात हात हलवला की जोर गेला." ते ऐकल्यापासून पूल यायच्या आधीच मी दुसरा घालून घ्यायची आणि गाडी सरळ वर जायची, माथ्यापर्यंत एका सुरात.

उतार शिकायला गंगरेलला गेलो. धरणाच्या रस्त्याला चढ-उतार आहेत, वळणं आहेत, आणि सकाळी गर्दी नसते. एका उताराच्या वर ह्यांनी गाडी थांबवायला सांगितली. दुसरा गिअर घालायला लावला आणि म्हणाले, "आता चल. आणि थोडं पुढं गेली की दोन्ही पाय उचलून घे."

"ब्रेकवरून?"

"सगळ्यांवरून."

रस्ता मोकळा होता, खाली दूरवर कोणी नव्हतं. तरी मी आधी एकच पाय उचलला, मग दुसरा. गाडी थोडी धावली, आणि मग जणू कोणी मागून तिची कॉलर धरली. इंजिन घूं करत राहिलं आणि गाडी आपल्याच चालीने, न उधळता उतरत राहिली. पाय हवेत, हात स्टेअरिंगवर. मी मोठ्याने हसले. एवढ्या वयात मी तशी कधी हसल्याचं मला आठवत नाही.

"इंजिन धरून ठेवते तिले," हे म्हणाले. "ब्रेक फक्त वळणाआधी थोडा, आणि मग सोडायचा. ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतरशील. एवढं पाळलं की घाट तुह्या बापाचा."

दिवाळी झाली. फराळाचे डबे भरले, ताईसाठी तिला आवडणारी शंकरपाळी थोडी जास्तच केली, आणि सकाळी उजाडताना आम्ही दोघं निघालो. धमतरीपर्यंत हे इकडच्या तिकडच्या गोष्टी करत होते. कांकेर मागे पडलं. मग डोंगर दिसायला लागले. त्या घाटाला बारा भाँवर म्हणतात, बारा वळणं. लहानपणापासून ऐकलेलं नाव, पण स्टेअरिंगच्या मागे बसून ऐकलं की वेगळंच वाटतं.

पायथ्याशी मी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. सालवनाचा ओला वास आत आला. पहिल्या वळणाआधीच दुसरा घातला. वळण आलं, गेलं. गाडी एका सुरात चढत होती. दुसरं वळण. वरून येणारी बस मी हॉर्नवरून ओळखली आणि डावीकडे राहिले. माझे खांदे कानापर्यंत वर गेले आहेत हे लक्षात आलं, ते खाली आणले. तिसरं, चौथं. मध्ये एक जरा सपाट तुकडा लागला आणि इंजिनाचा आवाज चढला.

"ओरडून राहिली," हे म्हणाले. "तिसरा घाल."

माझा हात दांड्यावर गेला. इतके महिने ह्यांच्या शब्दावर तो तसाच जात आला होता. पण पुढे, झाडांच्या मधून, वळणाच्या तोंडाशी रस्त्यावर हिरव्या फांद्या पडलेल्या दिसल्या. तोडून टाकलेल्या. गाडी बिघडली की ट्रकवाले मागच्यांना सावध करायला टाकतात तशा.

"नाही," मी म्हटलं.

"अवं, ओरडून राहिली ती."

"ओरडू दे. पुढे फांद्या टाकल्यात रस्त्यावर."

मी दुसऱ्यातच राहिले आणि पायही रेसवरून उचलला. वळण घेतलं तर समोर ट्रक बंद पडलेला, ऐन चढावर, अर्धा रस्ता अडवून. त्याच्या मागे गाड्यांची रांग. घाटातली सगळ्यात उभी जागा असावी ती. तिसरा घातला असता तर वळणाच्या मध्यातच माझा जोर संपला असता आणि माझ्या मागून चढत येणाऱ्या एका बसच्या तोंडाशी मी खोळंबले असते. मी पहिल्यावर आले आणि थांबले. पुढच्या गाडीपासून मी भरपूर लांब थांबले होते. हँडब्रेक ओढला. पाय काढले.

"काय झालं?" हे म्हणाले. ते पुढे वाकून बघत होते, पण त्यांना दिसला असेल तो आमच्या पुढच्या काचेचा एक तुकडा.

मी सगळं सांगितलं. ट्रक कुठे, बस कुठे, दरी कोणत्या बाजूला.

वरून खाली येणाऱ्या गाड्या आधी सुटल्या. मग एक माणूस रुमाल हलवत आमची रांग सोडायला लागला. माझ्या पुढे एक मोठी नवी गाडी होती, तरणा मुलगा चालवत होता. त्याची पाळी आली आणि ती गाडी पुढे जायच्या ऐवजी माझ्याकडे यायला लागली. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. गाडी आमच्या बॉनेटपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. मी मघाशी सोडलेली जागा सगळी संपली होती. मग तिच्यातून क्लच जळल्याचा धूर निघाला, ती दोनदा गचकली आणि कशीबशी वर गेली.

आता सगळी रांग माझ्याकडे बघत होती. रुमालवाला माणूस आधी माझ्याकडे आणि मग ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "अंकल, आप आ जाओ ना स्टेरिंग पे."

"वही चलाएगी," हे म्हणाले.

पहिला. थोडी रेस. क्लच हळू, अजून हळू. नाक उचललं. हँडब्रेक सोडला आणि गाडी निघाली, सरळ, एक बोट मागे न येता. ट्रकच्या आणि दरीच्या मधल्या पट्टीतून मी ती काढली. ह्यांच्या बाजूला ट्रकची मळकी चाकं इतकी जवळ होती की ह्यांनी हात बाहेर काढला असता तर लागली असती. पलीकडे गेल्यावर दुसरा घातला. गाडी पुन्हा आपल्या सुरात लागली.

एक वळण गेल्यावर हे म्हणाले, "मी तिसरा म्हटलं होतं."

"हव."

"तू ऐकलं नाई."

"नाही ऐकलं."

मग त्यांनी सीट जरा मागे केली, पाय लांब केले. "बरं केलं," ते म्हणाले. "मले नुसतं ऐकू येते. तुले ऐकूबी येते अन् दिसतेबी. आता गिअर तूच ठरवत जा. मी बोलत नाई."

घाटमाथ्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरले. खाली सगळी दरी हिरवी, तिच्यातून रस्ता घड्या घालून ठेवलेल्या ओढणीसारखा, आणि त्यावर खेळण्यातल्यासारखे ट्रक. ह्यांचा हात धरून मी त्यांना कठड्याशी आणलं आणि काय काय दिसतंय ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले ठाऊक हाय कसं दिसते ते. पण सांग, तू सांगताना बरं वाटते."

जगदलपूरला ताई फाटकातच उभी होती. गाडीतून मी ड्रायव्हरच्या बाजूने उतरले, तेव्हा तिने मागे कोणी बसलंय का म्हणून वाकून पाहिलं.

"ड्रायव्हर कुठं गेला?"

"हे काय," हे म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

ताई गाडीभोवती एक चक्कर मारून आली. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, तळवे उलटे-सुलटे करून पाहिले आणि मला आत नेलं.

संध्याकाळी पोहे खाताना ती मला बारीकसारीक विचारत राहिली. किती वळणं, मध्ये थांबलीस का, ट्रक कसे येतात. शेवटी म्हणाली, "उतरताना पोटात गोळा येते का वं?"

मग कळलं. ताई कित्येक वर्षांत रायपूरला आली नव्हती. आम्हाला ती सांगायची, घर सोडवत नाही, तुळस वाळते, मांजर उपाशी राहते. खरं कारण घाट होता. एकदा बसने उतरताना ती इतकी घाबरली होती, इतक्या उलट्या झाल्या होत्या, की खाली पोचल्यावर तिने ठरवलं, पुन्हा नाही. ज्या शहरात ती लहानाची मोठी झाली, ते तिने एका उतारासाठी सोडून दिलं होतं, आणि लाजेने कोणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही.

"दुसऱ्या गिअरात नाही येत गोळा," मी म्हटलं. "हळू उतरते गाडी. कोणी हात धरून उतरवावं तशी."

तिने मान हलवली आणि विषय बदलला. पण आमच्या निघायच्या दिवशी सकाळी मी उठून बघते तो ताई ओसरीवर बसलेली, इस्त्रीची साडी, मांडीवर पिशवी. तुळस आणि मांजर शेजारणीकडे सोपवून झाली होती.

"मी चालते तुमच्यासंग," ती म्हणाली. "पण मले पुढं बसव."

हे मागच्या सीटवर जाऊन बसले.

घाटमाथ्यावर आलो. मी पहिल्या वळणाच्या खूप आधी वेग कमी केला आणि दुसरा घातला. ताईने वरची कडी धरली आणि डोळे घट्ट मिटले. तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव असावं. वळणाआधी थोडा ब्रेक, मग सोडायचा. इंजिन घूं करत गाडीला धरून होतं. मागून एक रिकामा ट्रक आला आणि अंगावर येऊन हॉर्न वाजवू लागला. त्याला घाई होती. मला नव्हती. रुंद जागा आली तशी मी बाजूला घेऊन त्याला जाऊ दिलं आणि पुन्हा माझ्या चालीने निघाले.

मध्ये कुठेतरी ताई म्हणाली, "घाट सुरू झाला का?"

"अर्धा झाला, ताई."

तिने एक डोळा उघडला. मग दुसरा. समोर वळणावर ऊन पडलं होतं, कठड्यावर माकडं ओळीने बसली होती. तिने कडी सोडली.

"मग मी इतका वेळ डोळे मिटून काहून बसली?" ती म्हणाली आणि काच खाली करायला सांगितली. उरलेला घाट तिने खिडकीबाहेर तोंड काढून पाहिला. प्रत्येक वळणाला "हे पाह्य, ते पाह्य" म्हणून मला दाखवत होती. मी रस्त्यावरून नजर काढत नव्हते, पण हव हव म्हणत होते.

खाली पोचलो. रस्ता सरळ झाला. मी तिसरा घातला, चौथा घातला, आणि आरशात मागे पाहिलं. हे झोपले होते. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला, हात मांडीवर सैल पडलेले. सगळा घाट त्यांनी झोपेत काढला होता. आमच्या लग्नापासून आजवर हा माणूस चालत्या गाडीत कधी झोपलेला मी पाहिला नव्हता. मी ताईला खुणेने दाखवलं. ती मागे वळून बघत राहिली, मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "लहानपणी असाच झोपे."

संध्याकाळी बूढ़ापाऱ्यात शिरलो. गल्ली अरुंद, स्कूटरी आडव्या लावलेल्या. शेजारच्या दुकानदाराने मला ताईला हात धरून उतरवताना पाहिलं आणि विचारलं, "दीदी, बस्तर से खुद चलाके लाई हो?" मी म्हटलं, हो. तो दुकानातून बाहेर आला आणि त्याने स्वतः स्कूटरी सरकवून मला गाडी लावायला जागा करून दिली.

ताई थंडी संपेपर्यंत राहिली. रोज तलावाकाठी जाऊन यायची. मैत्रिणी उरल्या नव्हत्या फारशा, पण ज्या होत्या त्यांच्या घरी मी तिला नेलं, आणि प्रत्येक घरी ती चहाच्या आधी घाट उतरल्याची गोष्ट सांगायची.

पण त्याआधी, रायपूरला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात वांग्याची भाजी परतत होते. बाहेर हे फोन घेऊन बसले होते. मिलमधल्या जुन्या सोबत्यांना एकेकाला लावत होते आणि घाटातली हकीकत सांगत होते: चढ केवढा होता, पुढची गाडी कशी अंगावर आली, बायकोने तिसरा कसा घातला नाही. पहिल्या फोनमध्ये बंद पडलेला ट्रक एकच होता. दुसऱ्यात दोन झाले. पुढे ते वाढतच गेले, शेवटच्या फोनमध्ये तर अर्धा घाट ट्रकांनी भरला होता आणि आमची गाडी त्यांच्या मधून निघाली होती. मी ऐकत होते. दुरुस्त काही केलं नाही, भाजीवर झाकण ठेवलं आणि पोळ्यांना तवा टाकला.